गाव सोडल्याचा दाखला

साळोखे अण्णा आमच्या मागच्या खोलीत सतरा वर्षं राहिले आणि सतरा वर्षांत त्यांनी भिंतीत एक खिळा मारला नाही.

भाडेकरूनं खिळे मारू नयेत, हे घरमालकाच्या फायद्याचंच. माझी त्याला हरकत नव्हती. पण खिळा नसलेल्या खोलीत माणूस कसा राहतो ते एकदा बघायला पाहिजे होतं. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत अण्णांनी एक सुतळी ओढली होती. तिच्यावर सदरे, पायजमे, टॉवेल, दिनदर्शिका आणि चिमट्यात अडकवलेली पत्रं. दार आत ढकललं की सुतळी सैल पडायची आणि अण्णांचा सगळा संसार फरशीला टेकायचा. म्हणून त्यांच्याकडं जायचं तर आधी बाहेरून हाक मारायची, मग ते आतून एका हातानं सुतळी वर उचलून धरायचे, आणि आपण वाकून आत शिरायचं. आरसा कोनाड्यात खाली टेकवलेला, त्यामुळं भांग पाडायला अण्णा उकिडवे बसत.

"अण्णा, एक खिळा मारा की," आई म्हणायची. "भिंत काय रडत न्हाय."

"कशाला आक्का? तात्पुरतं हाय. हंगाम संपला की चाललो."

निपाणीत हंगाम म्हणजे तंबाखूचा. पुण्याकडच्या एका विडी कंपनीनं इथं वखार घेतली होती आणि पानाची पारख करायला अण्णांना पाठवलं होतं, एका हंगामापुरतं. अण्णा पान चुरडायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि ते कुठल्या शेतातलं आहे तेही सांगायचे असं वखारीतली माणसं म्हणत. तो हंगाम संपला. कंपनीनं पत्र पाठवलं, पुढच्या हंगामापर्यंत थांबावे. असं सतरा वेळा झालं. मी शाळेत होतो, मॅट्रिक झालो, शाळेतच कारकून म्हणून चिकटलो, माझे वडील गेले, आणि अण्णा अजून हंगाम संपायची वाट बघत होते.

आता ते होते कुठले? नदीपलीकडच्या पिंपळगावचे. तालुका कागल. निपाणीच्या स्टँडवर एस.टी.त बसलं की पाऊण तासात गाव. पण मध्ये राज्याची हद्द लागते, आणि अण्णांच्या दृष्टीनं ती हद्द ओलांडली की परदेश. हे ते गंमत म्हणून म्हणायचे नाहीत. "परदेशात ऱ्हायचं म्हंजे कागद नीट पायजेत" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी म्हणून दाखवीन.

आमच्या गल्लीत हे बोलणं किती धोक्याचं होतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. निम्मी गल्ली सीमेच्या मोर्च्यांत पाय झिजवून आलेली. हे गाव आमचं, मराठी आहे, तिकडं जोडा, म्हणून ज्यांनी काठ्या खाल्ल्या त्यांच्यासमोर हा माणूस, तोही मराठी, गावाला खुशाल परदेश म्हणतो. एकदा मारुती न्हाव्याच्या खुर्चीत बसून अण्णा तसं बोलले. मारुतीनं वस्तरा पुसून ठेवला आणि म्हणाला, "मग ऱ्हायलेली दाढी सवदेशात जाऊन करा." अण्णा उठले, तोंड पुसलं आणि अर्ध्या दाढीनं वखारीत गेले. दिवसभर तसेच पारख करत बसले. पुढच्या रविवारी पुन्हा मारुतीच्याच खुर्चीत. भांडण धरून ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते म्हणायचे, तात्पुरतं ऱ्हाणाऱ्यानं भांडण कशाला वाढवावं.

कानडी त्यांना दोनच शब्द येत. एक 'गोत्तिल्ला', म्हणजे माहीत नाही, आणि दुसरा 'साकु', म्हणजे पुरे. कोपऱ्यावरच्या बसाप्पाच्या हॉटेलात या दोन शब्दांवर त्यांनी सतरा वर्षं चहा प्याला. मी एकदा म्हटलं, अण्णा, तिसरा शब्द शिका. तर म्हणाले, "एवढ्यासाठी कुठं शिकत बसू, चाललोच की आता."

कागदांचं मात्र विचारू नका. मी दिवसभर शाळेत कागदच बघतो. संध्याकाळी घरी यावं, पाय पसरावेत, तर अण्णा हातात फाईल घेऊन उंबऱ्याशी उभे. "बाळासाहेब, जरा एक नजर टाका." प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती. एक जवळ, एक गावाकडं, आणि एक 'असू दे' म्हणून. पत्र लिहायचं तर वरच्या उजव्या कोपऱ्यात आधी लिहायचे, 'मुक्काम तात्पुरता, निपाणी'. मग खाली मायना. त्यांच्या छत्रीवर पांढऱ्या रंगात चारी बाजूंनी मजकूर होता: एस. आर. साळोखे. कायमचा पत्ता पिंपळगाव. तात्पुरता पत्ता निपाणी. पावसात अण्णा निघाले की सगळी गल्ली त्यांना वाचून घ्यायची.

मतदार यादीत त्यांनी इथं नाव लावलं नाही, कारण मग आपण इथले होऊ. घरात आमच्यात बसून जेवले नाहीत, कारण तेच. जेवण आमच्याकडंच ठरलेलं होतं. पहिल्या दिवशी आईनं पाट मांडला तर म्हणाले, "आक्का, तात्पुरत्या माणसानं जागा कशाला अडवावी." ताट घेऊन खोलीत गेले, सुतळीखाली बसून जेवले, ताट घासून आणून दिलं. दोन्ही वेळा, सतरा वर्षं.

असा माणूस डोक्याला ताप, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. पण आणीबाणीच्या साली वडिलांना बेळगावच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा अकरा दिवस अण्णा तिथल्या बाकावरून हलले नाहीत. वखारीतून रजा काढली, तीही तीन प्रतींत. मी त्यांना म्हटलं, अण्णा, तुम्ही जावा आता, मी बसतो. तर म्हणाले, "मी काय, तात्पुरता बसलोय." बाराव्या दिवशी वडील गेले. सगळे दाखले, सगळ्या सह्या, गाडीची परवानगी, सगळं अण्णांनी केलं. मला कुठं काय लिहायचं ते सुधरत नव्हतं. ते बोट ठेवायचे आणि मी सही करायचो. म्हणून पुढं त्यांच्या फाईली बघायचा कितीही कंटाळा आला तरी मी नाही म्हणू शकलो नाही.

आणि मग एके वर्षी होळीच्या सुमाराला खरंच पत्र आलं. कंपनी वखार बंद करत होती. अण्णांनी ते पत्र आमच्या दारात उभं राहून वाचून दाखवलं, 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. शेवटी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "संपला हंगाम."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मग ऱ्हावा की हितंच. तुमचं तिकडं हाय कोण?"

हा प्रश्न आईनं विचारायला नको होता. अण्णांची बायको लग्नानंतर दोनच वर्षांत गेलेली. मूलबाळ नाही. घर होतं ते धाकट्या भावाच्या ताब्यात. पण अण्णा म्हणाले, "भाऊ हाय की. घर ऐसपैस हाय. आन् सतरा वर्षं सांगतोय आक्का, जाणार म्हणून. आता न्हाय गेलो तर लोक काय म्हणतील?"

लोक काहीसुद्धा म्हणाले नसते. पण हे त्यांना कोण सांगणार.

तेव्हापासून माझे जे हाल सुरू झाले ते काय सांगू. परदेश सोडायचा म्हणजे कागद पूर्ण पाहिजेत. साखर-रॉकेलसाठी आमच्या रेशनकार्डावर तात्पुरतं म्हणून लावलेलं नाव कमी करून तसा दाखला घ्यायचा, तरच तिकडं नवीन कार्ड. त्यासाठी तालुक्याला, म्हणजे चिकोडीला जायचं. अण्णांचं कानडी दोन शब्दांचं, त्यामुळं मी बरोबर. एप्रिलचं ऊन, एस.टी.त उभं राहून प्रवास, तिथं पुन्हा रांग. टेबलावरचे गृहस्थ भले होते. त्यांनी विचारलं, नाव का कमी करायचं? मी कानडीतून सांगितलं, दुसऱ्या राज्यात राहायला चाललेत. कुठं? पिंपळगावला. त्या गृहस्थांची बहीण तिकडंच दिली होती. ते म्हणाले, "अहो, मग एवढं काय, जाऊन येऊन राहायचं." मी भाषांतर केलं. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "गोत्तिल्ला."

काम पहिल्याच फेरीत झालं होतं. पण घरी आल्यावर अण्णांच्या लक्षात आलं की शिक्का एकाच प्रतीवर आहे. दुसरी फेरी. तेव्हा तीनही प्रतींवर शिक्का झाला, पण तिसऱ्यावर तो अर्धवट उमटला. तिसरी फेरी. त्या फेरीत परत येताना मी एस.टी.त उभ्याउभ्या झोपलो आणि जागा झालो तेव्हा अण्णा माझी पिशवी खिडकीसमोर धरून उभे होते, खिडकीतलं ऊन माझ्या तोंडावर येऊ नये म्हणून. रागवायची सोय ठेवत नसे हा माणूस.

मे महिन्यात ते शाळेत आले. निकाल लागले होते, मी शाळा सोडल्याचे दाखले लिहीत बसलो होतो. शंभरेक दाखले. नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण, वर्तणूक. वर्तणुकीच्या रकान्यात मी डोळे मिटून 'चांगली' लिहितो, मग त्या पोरानं हेडमास्तरांची सायकल का पळवलेली असेना. अण्णांनी एक दाखला उचलला आणि बराच वेळ वाचत बसले.

"बाळासाहेब," ते म्हणाले, "असा एक मला पायजे."

"तुम्ही कुठली शाळा सोडताय?"

"गाव सोडतोय की. गावात आल्याची तारीख, गाव सोडल्याची तारीख, कारण, वर्तणूक. खाली गावाच्या सह्या. उद्या तिकडं कुणी इच्यारलं, एवढी वर्सं परदेशात काय करत हुता, तर दाखवाय काय पायजे का नको?"

मी पेन खाली ठेवलं. मी त्यांना सांगितलं की असा दाखला जगात कुणी मागत नाही, कुणी देत नाही, त्याला काही किंमत नाही. ते मान डोलावत ऐकत राहिले आणि म्हणाले, "तीन प्रती करूया."

केल्या. फुलस्केप कागदावर, कार्बन घालून. गाव सोडण्याचे कारण: हंगाम संपला. खाली 'आमची कोणतीही तक्रार नाही' आणि सह्यांसाठी मोकळी जागा. वर्तणुकीचा रकाना मी भरायला लागलो तर अण्णांनी हात धरला. "ते शेवटी. आक्का सांगतील तसं."

मग निरोप घेणं सुरू झालं. रोज संध्याकाळी फाईल काखेत मारून अण्णा निघायचे, आणि मला बरोबर न्यायचे, साक्षीदार म्हणून. मारुती न्हाव्यानं सही केली आणि शेजारी लिहिलं, 'अर्धी दाढी बाकी.' तेवढं झाल्यावर अण्णांना खुर्चीत बसवून बाकी तिथंच पुरी केली. बसाप्पानं कानडीत चार ओळी लिहिल्या. अण्णांनी मला अर्थ विचारला. मी वाचलं: माणूस चांगला आहे, हॉटेलात मोठ्यानं बोलला नाही, हा गेल्यावर कोपऱ्यातल्या टेबलाशी कोण बसणार ते कळत नाही. अण्णांनी कागद उलटासुलटा करून बघितला. "एवढं लिवलंय? लिपी बारीक हाय," एवढंच म्हणाले आणि कागद जपून फाईलीत ठेवला.

वखारीत तंबाखू निवडणाऱ्या चाळीसेक बायका होत्या. बहुतेकींचा अंगठा. अण्णांनी शाईचं पॅड स्वतः धरलं आणि एकेकीला पुढं बोलावलं. धूळ उडते म्हणून तोंडाला पदर बांधून काम करायचं हे त्यांना अण्णांनी शिकवलेलं, आणि दुपारी तान्ही पोरं झोपवायला गोणपाटं अंथरून कोपरा करून दिलेला, हे मला तिथंच कळलं. पहिलीनं अंगठा टेकवला आणि डोळ्याला पदर लावला. मग दुसरीनं. बघता बघता सगळी वखार मुसमुसायला लागली.

"रडू नगासा," अण्णा म्हणाले. "शाई पसरती."

अशा सगळ्या सह्या झाल्या. राहिली एकटी आई.

त्याच आठवड्यात पिंपळगावहून भावाचं पत्र आलं. अण्णांनी ते सवयीनं माझ्याकडं फाईलला लावायला दिलं, म्हणून मी वाचलं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं. लिहिलं होतं, 'पडवीत तुझ्यापुरती जागा केली आहे. मात्र मिरगाच्या आत ये. मिरीग निघाल्यावर तिथं खत-बियाणं ठेवायचं आहे, मग जागा अडेल.' ऐसपैस घर म्हणजे ही पडवी. मिरगाला, म्हणजे मृग नक्षत्र लागायला, बारा दिवस होते. बाराव्या दिवसाच्या आत नाही गेलं तर तीही नाही.

मी ते आईला सांगितलं. संध्याकाळी अण्णा दाखला आणि पॅड घेऊन दारात उभे राहिले तेव्हा ती म्हणाली, "मी न्हाय अंगठा देणार."

"आक्का?"

"माझी तक्रार हाय."

अण्णांचा चेहरा बघवत नव्हता. सह्या सगळ्या गावाच्या, आणि तक्रार नेमकी या घरची. त्यांनी पॅड मिटलं, "बरं" म्हणाले आणि खोलीत गेले. त्यांचं सामान बांधून झालं होतं. ट्रंक, वळकटी, फाईलींचं गाठोडं. सुतळीसुद्धा सोडून गुंडाळून ठेवलेली. पण दाखला अपुरा टाकून हा माणूस जाईल कसा? दुसऱ्या दिवशी त्यांनी वळकटी सोडली, झोपण्यापुरती. तिसऱ्या दिवशी सुतळी परत बांधली. रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, "आक्का, तक्रार मागं घेतली?" आणि आई म्हणायची, "न्हाय."

मिरीग जवळ येत चालला. मला आईचा डाव कळत होता. तिला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं, आणि तोंडानं सांगून ते ऐकत नव्हते, म्हणून तिनं त्यांना त्यांच्याच कागदात अडकवलं होतं. पण मला हेही दिसत होतं की हा माणूस आतल्या आत झिजतोय. सतरा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी सुतळीवर संसार केला ती हातची निसटत होती. आणि इथं राहायचं म्हटलं तरी राहणार कोण म्हणून? त्यांचं नाव तर तीन शिक्क्यांनिशी कमी झालेलं.

चार दिवस उरले तेव्हा मी आईवर चिडलो. "तुझी तक्रार तरी काय हाय ते सांग एकदाची. नुसतं माणसाला टांगून ठेवलंयस."

"मग लिव," आई म्हणाली. "तुला येतंय न्हवं लिवाय? लिव."

मी कागद घेतला. आईनं सांगितलं ते तसंच लिहिलं. 'ह्यो माणूस सतरा वर्सं आमच्या घरात ऱ्हायला, पर भिंतीत एक खिळा मारला न्हाय. आमच्यात मांडी घालून एक घास खाल्ला न्हाय. आमी त्येला परका कवा म्हटलं न्हाय. त्योच म्हणत ऱ्हायला.' खाली तिचा अंगठा. सबंध आयुष्यात आईनं लिहवून घेतलेला हा एकच कागद.

अण्णांनी तो उभ्यानं वाचला. चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. मला वाटलं आता ते रडतील किंवा मी तरी रडेन. पण ते म्हणाले, "रीतसर हाय. तक्रार दाखल झाली म्हंजे निवारण करायला पायजे." आणि खिशातनं पेन काढून एका चिठोऱ्यावर 'तक्रार मिळाली' असं लिहून, सही करून, आईला पोच दिली. आईनं ती हळदीच्या डब्याखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून ठोकल्याचा आवाज आला. अण्णांनी बाजारातून तीन खिळे आणले होते आणि शेजारून हातोडी. पहिला खिळा वाकला. दुसरा उडून कुठं गेला तो अजून सापडलेला नाही. तिसरा बसला, पण त्यापायी ताटाएवढा गिलावा खाली आला. अण्णा चुन्यानं पांढरे होऊन भिंतीकडं बघत होते. मग खिळा धरतोय का बघायला त्यांनी त्याला छत्री अडकवली. धरला.

दुपारी ते आमच्या स्वयंपाकघरात आले. आईनं पाट मांडला होता. खोलीत ते उकिडवेच जेवायचे, मांडी घालायची सवय मोडलेली, गुडघे वाजले. आईनं भाकरी वाढली, झुणका वाढला, ठेचा वाढला. अण्णांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि हात ताटातच थांबला. खाली मान घालून बसून राहिले.

"निवतंय," आई म्हणाली. "जेवा."

ते जेवले. दोन भाकरी जास्तच जेवले. मग आईनं हात पुसले, पॅडवर अंगठा दाबला आणि तीनही प्रतींवर उठवला, न सांगता. उरला वर्तणुकीचा रकाना. मी पेन उघडलं.

"काय लिवतोस?" आईनं विचारलं.

"चांगली."

"सगळ्यांस्नी त्येच लिवतोस. लई चांगली लिव."

मी तसं लिहिलं. माझ्या नोकरीत असा शेरा दिलेला तो पहिलाच दाखला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना स्टँडवर पोचवलं. मारुती होता, बसाप्पा होता, वखारीतल्या काही बायका होत्या. एवढी माणसं बघून कंडक्टरला वाटलं कुणी मुंबईला चाललंय. अण्णांनी यादी हातात धरून सामान मोजलं: ट्रंक एक, वळकटी एक, गाठोडं एक, बरोबर. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि बसाप्पाकडं बघून म्हणाले, "साकु, साकु, जावा आता घरी." आम्ही पाऊण तास लागणाऱ्या गावाकडं निघालेली एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत उभे होतो.

घरी येऊन मी मागची खोली बघितली. झाडून स्वच्छ केलेली. आणि खिळ्याला छत्री तशीच. मिरीग तोंडावर आलेला, आणि आयुष्यात टाचणी न विसरलेला माणूस छत्री विसरला. मी ती काढायला हात लावला तर आई मागून म्हणाली, "ऱ्हाऊ दे तितंच."

पंधराएक दिवसांनी, रविवारी, अण्णांचं पोस्टकार्ड मिळालं. आदल्या दिवशी शाळेच्या पत्त्यावर आलं होतं, शिपायानं घरी आणून दिलं. आई तांदूळ निवडत होती. मी तिला वाचून दाखवायला लागलो आणि पहिल्या ओळीलाच थांबलो.

"वाच की," आई म्हणाली.

मी वाचलं. "मुक्काम तात्पुरता, पिंपळगाव."

पुढं नेहमीचंच होतं. प्रकृती ठीक, पाऊस बरा, पडवी गळते पण फार नाही, बियाण्याची पोती एका बाजूला सरकवून घेतली आहेत, दाखला अजून कुणी बघायला मागितला नाही. शेवटी, छत्री खिळ्यालाच असू द्यावी.

"वरचं परत वाच," आई म्हणाली.

मी परत वाचलं. आई थोडा वेळ सुपातल्या तांदळावरून नुसता हात फिरवत बसली. मग सूप बाजूला ठेवून उठली.

"पिंपळगावची गाडी किती वाजता हाय रं?"

"अकराला हाय एक. का?"

"आणायला जाऊया त्येंला."

"आई, अगं असं कसं आणायचं? नाव कमी झालंय त्यांचं. आता परत लावायचं म्हटलं तर परत चिकोडी, परत अर्ज, परत तीन प्रती. कमी करायला तीन फेऱ्या लागल्या, लावायला किती लागतील माहीत हाय का तुला?"

आईनं पदर खोचला, मागच्या खोलीत गेली आणि खिळ्यावरची छत्री काढून आणून माझ्या हातात दिली.

"लागू देत," ती म्हणाली.